चार बोटांची फट

तळमजल्यावरच्या त्या खोलीत शिरलेला माणूस आधी नाक वर करायचा, मग शेखरकडे बघायचा आणि मग म्हणायचा, "ओल आहे वाटतं?" वाटतं! अरे, भिंतीला घाम फुटलाय, रंगाचे पापुद्रे सुटून लोंबतायत, कोपऱ्यात काळी बुरशी गुडघ्यापर्यंत चढलीय, आणि हे शहाणे म्हणतात, वाटतं! शेखरचं डोकं तिथंच फिरायचं.

तसा माणूस वाईट नव्हता. पिंपळे गुरवातलं जुनं घराणं. बापाच्या काळात जिथं ज्वारी आणि मेथी व्हायची, तिथं आता शेखरची चार मजली इमारत उभी होती. तो स्वतः चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर. बायको उत्कर्षा आणि तो पहिल्या मजल्यावर राहायचे, वरचे मजले भाड्यानं दिलेले. तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागाही भाड्यानं जायची, पण एक पावसाळा काढला की भाडेकरू गाशा गुंडाळायचा. शेवटचा जाताना म्हणाला, "काका, माझ्या बुटात अळंबी उगवली हो." शेखर म्हणाला, थापा मारतोय. उत्कर्षानं तो बूट बघितला होता.

भाडेकरू गेला तर गेला, दुसरा येतो. पण या वर्षी गोष्टच वेगळी होती. तेजस्विनी, एकुलती एक लेक, मंचरला दिलेली, तिला दिवस गेलेले. पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत कुणी शिकवावी लागत नाही. त्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं, गर्भाची वार खाली आहे, जपायचं, मोठ्या हॉस्पिटलच्या जवळ राहायचं, आणि जिना म्हणून चढायचा नाही. हॉस्पिटल पिंपळे गुरवपासून हाकेच्या अंतरावर. सगळं जुळून आलं होतं, फक्त जिना आडवा आला.

कारण शेखरच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. बांधताना आर्किटेक्टनं नकाशात लिफ्टची जागा दाखवली होती. शेखर म्हणाला, "तेवढ्या जागेत दर मजल्याला एक खोली जास्त बसते, राव. खोडा ती लिफ्ट." खोडली. आता लेकीला पहिल्या मजल्यावर न्यायचं कसं? म्हणजे उरला तळमजला. पोरीचं सगळं माहेरपण त्या एका ओल्या खोलीत येऊन अडकलं.

तेजस्विनीच्या सासूबाई, इंद्रायणीबाई, सरळ बाई. फोनवर म्हणाल्या, "शेखरराव, पोरीला पाठवायला माझी ना नाही. पण बाळंतिणीला ओलीत झोपवायची नाही. अंगात वारं शिरतं, लेकराची छाती भरते. खोली कोरडी असेल तर ठेवीन, नाहीतर परत घेऊन जाईन. मी स्वतः बघायला येते." यात चूक काय काढणार? चूक काढता येईना, म्हणून शेखरला जास्तच राग आला.

मग सुरू झाली पळापळ. वॉटरप्रूफिंगवाला पहिला आला. त्यानं भिंत ठोकून बघितली, कान लावला, आणि म्हणाला, वरच्या बाथरूमचं पाणी उतरतंय. वरचं बाथरूम म्हणजे शेखरचं स्वतःचं. फोडलं. दोघं नवरा-बायको आठवडाभर वरच्या भाडेकरूकडे अंघोळीला जात होते, मालक असून बादली हातात घेऊन रांगेत. नवीन फरशी बसली, नवीन पाइप बसले. भिंत जशीच्या तशी ओली.

दुसरा आला तो म्हणाला, जमिनीतलं पाणी वर चढतंय, पावसाळ्यात नदीकाठच्या या सगळ्या पट्ट्यात भूजल वर येतं, खाली काळा पाषाण आहे, पाणी जाणार कुठं? त्यानं भिंतीला खालून ओळीनं भोकं पाडली आणि त्यांत औषध भरलं, माणसाला सुया टोचाव्यात तसं. महिनाभर भिंत जरा बरी वाटली. मग आषाढाची झड लागली आणि भिंतीनं सगळं औषध ओकून टाकलं. पांढरा फेस जमिनीवर. उत्कर्षा फडक्यानं पुसत म्हणाली, "घ्या, बाळंतीण यायच्या आधी भिंतच बाळंत झाली." शेखर एवढा तापलेला, त्याला हसूसुद्धा आलं नाही.

आता खरं सांगायचं तर पाणी कुठून येतं हे अख्ख्या आळीला ठाऊक होतं. उत्कर्षाला ठाऊक होतं. शेखरला तर सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं. पण ते तोंडानं म्हटलं की पुढं काय करावं लागेल हेही त्याला ठाऊक होतं, म्हणून तो बाथरूम फोडत बसला होता.

पाणी त्या फटीतून यायचं. शेखरची इमारत आणि शेजारची सयाजीची इमारत, यांच्यामध्ये चार बोटांची फट होती. सयाजी म्हणजे शेखरचा चुलतभाऊ, वयानं मोठा. जमिनीची वाटणी झाली, मोजणीदारानं हद्दीचे दगड रोवले, आणि त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांची एकेक वीत मोजायला सुरुवात केली. आधी सयाजीनं बांधलं. हद्दीला अगदी चिकटून. बाहेरून गिलावा करायचा तर परांची शेखरच्या रिकाम्या जागेत बांधावी लागणार. शेखर म्हणाला, "माझ्या जागेत एक बांबू रोवायचा नाही." झालं, सयाजीची ती भिंत उघड्या विटांचीच राहिली. पुढं शेखरनं बांधायला काढलं, तेव्हा सयाजी गच्चीवरून ओरडला, "माझ्या भिंतीला हात लागता कामा नये!" शेखरनं हात लावला नाही. चार बोटं सोडली. पाचवं सोडलं असतं तर जीव गेला असता त्याचा. त्या चार बोटांत गवंड्याची थापी जाईना, म्हणून शेखरची भिंतही बाहेरून तशीच उघडी राहिली.

चार मजल्यांची उंची, दोन्हीकडे कोऱ्या विटा, आणि वरनं आभाळ उघडं. पावसाळाभर दोन्ही गच्च्यांवरचं पाणी त्या फटीत पडायचं, विटा ते पाणी प्यायच्या, उरलेलं तळाशी इमारतीच्या पायात साचायचं आणि खालचं चढलेलं पाणी त्याला येऊन मिळायचं. शेखरची खोली ओली, तशी पलीकडं सयाजीची तळमजल्यावरची दुकानंही ओली. सयाजीच्या दुकानातला किराणावाला साखरेची पोती लाकडी फळ्यांवर ठेवायचा. ते बघून शेखरला इतकं बरं वाटायचं, की आपली भिंत ओली आहे हे तो तेवढ्यापुरतं विसरून जायचा. सयाजीचंही तसंच असणार. भाऊबंदकी ती, दुसरं काय!

शेवटी उत्कर्षाच म्हणाली, "अहो, दोन्ही कठड्यांवर एक पत्रा टाकला की वरचं पाणी बंद. एवढीच तर गोष्ट आहे."

"पत्रा त्याच्या कठड्यालाही ठोकावा लागेल."

"मग जावा की विचारायला."

"मी? त्याच्या दारात?"

"न्हाई तर मी जाते. पोर माझीबी हाय." उत्कर्षा चिडली की तिच्या तोंडी माहेरची, मावळातली बोली यायची. शेखरला कळलं की आता वाद घालण्यात अर्थ नाही.

शेखर गेला. किती वर्षांनी गेला ते देव जाणे. सयाजी खाली खुर्ची टाकून बसला होता. शेखर उभ्या उभ्या म्हणाला, "दादा, तेजू बाळंतपणाला येतीय. खोलीत ओल आहे. फटीवर पत्रा टाकायचाय."

'दादा' हा शब्द घशातून काढताना त्याला अडुळसा प्यायल्यासारखं झालं. पण सयाजीच्या चेहऱ्यावरचं काहीतरी उतरलं. तो म्हणाला, "आरं, टाक की. माझ्या दुकानांचंबी भलं होईल. पोरगी काय म्हणतीय? बरी हाय न्हवं?" आणि चहा सांगितला. शेखर तो चहा प्याला. घरी येऊन उत्कर्षाला म्हणाला, "तसा मनानं वाईट नाही तो." इतकं सोपं होतं तर आपण इतके दिवस काय झक मारत होतो, असंही त्याला वाटून गेलं.

पण सोपं असतं तर ती भाऊबंदकी कसली! भोसरीहून पत्रेवाला आला, पत्रे गच्चीवर चढवले. शेखर आपल्या गच्चीवर, सयाजी आपल्या गच्चीवर, मध्ये ती फट. पत्रेवाल्यानं टेप काढली आणि विचारलं, "उतार कुणीकडं काढू?"

शेखर म्हणाला, "तिकडं." सयाजी म्हणाला, "तिकडं." दोघांची बोटं एकमेकांकडं.

"दादा, माझ्याकडं खाली दार आहे. पाणी दारात पडेल."

"अन् माझ्याकडं दुकानं हायत. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पडंल."

पत्रेवाला बिचारा म्हणाला, रस्त्याकडं काढू का? रस्त्याकडं दोघांच्या वीजमीटरांच्या पेट्या. मागं काढू? मागं रंगरावाचा गोठा, आणि तो तिसरा भाऊबंद तर या दोघांशीही बोलत नव्हता. मग पत्रेवाला म्हणाला, पन्हळ लावू, पाइप काढू, पाणी गटारात सोडू. दोघांनाही पटलं. "पाइप कुणाच्या भिंतीवरनं उतरवू?" त्यानं विचारलं, आणि पुन्हा दोघांची बोटं एकमेकांकडं.

"पत्रा तुला पायजे. पाइप तुझ्या भिंतीवर," सयाजी म्हणाला.

"पाणी तुझ्या गच्चीचंही आहे. अर्धं पाणी तुझं नाही का?"

"अर्धं माझं? मग मोजून घे की! मोजणीदार बोलाव! तुला मोजायची सवय हाय!"

"सवय कुणाला आहे? बांबू लावू न देणारा मी, आणि भिंतीला हात लावू न देणारा कोण?"

झालं. वीस वर्षांपूर्वीचं एकेक मढं उकरून गच्चीवर मांडलं गेलं. आळीतली माणसं गॅलऱ्यांत येऊन उभी राहिली. शेवटी सयाजी म्हणाला, "माझ्या कठड्याला खिळा लागला तर हात तोडीन," आणि खाली निघून गेला. पत्रेवाला टेप गुंडाळत पुटपुटला, "भाऊ, पाणी खालीच जातं. तुमचं भांडण वर चढतंय." शेखरनं त्याच्याकडं असं बघितलं की तो पत्रे घेऊन उतरला.

इंद्रायणीबाई सुनेला घेऊन येणार तो दिवस तोंडावर आला. आणि मग शेखरनं ते केलं, जे या पट्ट्यातला प्रत्येक घरमालक नवीन भाडेकरू यायच्या आधी करतो. प्लास्टिकचे पॅनल. चारही भिंतींना खालपासून वरपर्यंत, लाकडासारखे दिसणारे, गुळगुळीत, एका दिवसात बसणारे. बुरशी, फेस, पापुद्रे, सगळं मागं गेलं. पंखा लावला, अगरबत्त्या लावल्या, नवीन गादी टाकली. शेखर खोलीच्या मध्ये उभा राहून म्हणाला, "बघ! हॉटेलसारखी झाली की नाही?"

उत्कर्षा म्हणाली, "भाडेकरूला फसवायचं ते ठीक. ही आपली पोर आहे."

"फसवतोय कुठं? ओल दिसत नाही, वास येत नाही. आणखी काय पाहिजे?"

शेखरलाही मनातून माहीत होतं, पण वेळच उरली नव्हती आणि सयाजीच्या दारात परत जाण्यापेक्षा मेलेलं बरं.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता. गाडी दारात थांबली. तेजस्विनी उतरली, चेहरा सुजलेला, पोट पुढं, पण डोळे असे चमकत होते की शेखरला ती शाळेतून आल्यासारखी वाटली. "बाबा, माझी खोली!" म्हणत ती आत गेली, पलंगावर बसली. इंद्रायणीबाईंनी सगळीकडं नजर फिरवली. त्या म्हणाल्या, "छान केलीत हो खोली." शेखरच्या छातीवरचा दगड हलला.

मग इंद्रायणीबाई म्हणाल्या, "पलंग जरा आत सरकवू. दारातला वारा अंगावर येईल." शेखर नको नको म्हणेपर्यंत त्यांनी आणि उत्कर्षानं पलंग ढकलला. तो पॅनलला जाऊन टेकला. पॅनल आत दबला, आणि त्याच्या खालून पाणी आलं. फार नाही. करंगळीएवढी धार. पण ती सरळ फरशीवरून चालत आली आणि विहीणबाईंच्या पायाशी थांबली. मागोमाग तो वास आला, इतके दिवस पॅनलमागं कोंडलेला.

इंद्रायणीबाईंनी पाय मागं घेतला. त्या रागावल्या असत्या तर शेखरनं काहीतरी उत्तर दिलं असतं. पण त्या हळूच म्हणाल्या, "शेखरराव, ओल होती तर सांगायचं. लपवलं कशाला?"

तेजस्विनी उठली. सासूबाई म्हणाल्या, "चल बाळा. मंचरला करू. डॉक्टर बघू तिथलाच." तेजस्विनी दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यात उभी राहून रडायला लागली. आवाज न करता, नुसते डोळे वाहत होते. शेखरला वाटलं, ही फाडफाड बोलली असती तर परवडलं असतं. त्याला पॅनल ओरबाडून काढावेसे वाटले, भिंतीला लाथ घालावीशी वाटली, स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. पण तो भिजल्या पोत्यासारखा उभा राहिला.

तेवढ्यात डोक्यावर पदर घेऊन पावसातून कौशल्यावहिनी आल्या. सयाजीची बायको. गॅलरीतून त्यांनी सगळं बघितलं असणार. त्यांनी शेखरकडं बघितलंसुद्धा नाही. थेट तेजस्विनीच्या तोंडावरून हात फिरवला आणि इंद्रायणीबाईंना म्हणाल्या, "विहीणबाई, मी हिची मोठी आई. पलीकडचं दार आमचं. आमच्याकडं लिफ्ट हाय. तिसऱ्या मजल्यावरची खोली कोरडी खडखडीत, दिवसभर ऊन येतं. चला, बघा, हात लावून बघा. पसंत पडली तरच ठिवा."

"पण हे..." इंद्रायणीबाई चाचरल्या.

"हे अन् ते आमच्या घरातलं हाय. पोरीला काय त्याचं? माह्यारची वाट चालत आलेली पोर परत जाती व्हय कुठं?"

शेखरला ओरडून सांगायचं होतं, नाही! माझी पोर, माझ्या दाराला पाठ करून त्याच्या घरात? पण सांगणार कोणत्या तोंडानं? त्या करंगळीएवढ्या पाण्यानं त्याचं तोंड बंद केलं होतं. तेजस्विनीनं वडिलांकडं एकदा बघितलं. म्हणाली, "बाबा, मी जाते," आणि मोठ्या आईचा हात धरला. मागून सयाजी आला. त्यानं तिची बॅग उचलली आणि पावसातून पलीकडं घेऊन गेला.

पुढचे दिवस शेखरनं कसे काढले ते त्यालाच ठाऊक. चाकणहून घरी यायचं आणि पहिल्या मजल्यावर गप्प बसायचं. उत्कर्षा डबे घेऊन पलीकडं जायची, कधीकधी तिथंच राहायची. शेखर म्हणायचा, मी नाही येणार. तेजस्विनी रोज फोन करायची, तो "बरी आहेस ना?" एवढंच विचारायचा. दुखायला लागलं तेव्हा तो चाकण चौकातल्या ट्रॅफिकमध्ये कंपनीच्या बसमध्ये अडकला होता, पुढं ट्रक, मागं ट्रक. हॉस्पिटलात पोरीला नेलं ते सयाजीनं. शेखर पोचला तोवर मुलगी झाली होती आणि सयाजी सगळ्यांना पेढे वाटत होता. त्यानं शेखरच्याही हातावर पेढा ठेवला. शेखरनं तो खाल्ला. काय करणार?

बारसं सयाजीच्या घरी. शेखरला आता जाणं भागच होतं. नवीन सदरा घालून, सोन्याचे मणी खिशात घेऊन तो त्या लिफ्टमध्ये शिरला. दारात सयाजी उभा, येईल त्याला हात जोडत होता. "या, पाहुणे, या. बसा." शेखरलाही तेच म्हणाला. मुद्दाम म्हणाला की सवयीनं, कळायला मार्ग नाही. पण शेखरच्या काळजाला ते शब्द लागले. स्वतःच्या नातीच्या बारशाला तो पाहुणा होता.

बायका आत पाळण्यापाशी. पुरुष बाहेर. बाहेर पाऊस रिमझिमत होता. शेखर बराच वेळ सतरंजीवर बसून राहिला. मग उठून सयाजीजवळ गेला आणि म्हणाला, "दादा, पत्रा टाकू. उतार माझ्याकडं काढ. पाइप माझ्या भिंतीवर."

सयाजी गडबडला. "न्हाई, न्हाई. उतार माझ्याकडं. चूक माझीच हुती. मी हात तोडायच्या गोष्टी केल्या."

"चूक माझी आहे. माझ्याकडंच काढ."

"आरं, माझ्याकडं म्हणतो न्हवं! थोरला मी हाय!"

"थोरला आहेस म्हणून काय सगळं तूच ठरवणार?"

"मग तू ठरवणार? माझ्या घरात येऊन?"

आवाज चढले. सतरंजीवरचे पाहुणे माना वळवून बघायला लागले. आतून उत्कर्षा बाहेर आली, हातात सुंठवड्याचं ताट. तिचे डोळे लाल होते. ती दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"काढा उतार कुणाकडंबी," ती म्हणाली. "मला आता काय करायचंय? लेकीचं पहिलं बाळंतपण एकदाच येतं. ते माझ्या घरात झालं न्हाई."

आत बाळ रडायला लागलं. उत्कर्षा ताट ठेवून धावली, पण पाळण्यापाशी कौशल्यावहिनी आधीच पोचल्या होत्या.